हाकेला ओ देऊ द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडचा रग्बी खेळाडू जो मार्लर याने हाका (न्यूझीलंडच्या मूळ माओरी लोकांचा ओरडत, पाय आपटत करायचा समूहनाच, तिथली रग्बी टीम मॅचआधी करते तो) हास्यास्पद आहे, तो बंद करून टाका असं ट्वीट केलं, त्यात काही तथ्य आहे का? मॅचच्या आधी एकाच टीमला हे करू देणं म्हणजे त्यांना फुकटचा फायदा नाही का? आणि दुसरा भाग असा की प्रश्न विचारणाऱ्याच्या पुण्यातल्या कॉलेज टीमला टुर्नामेंटमध्ये मॅचआधी 'का माते' हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध हाका करायचाय, तर तो करावा का.

मी रग्बी मुंबईत शिकलो, खेळलो, थोडी वर्षं रेफरी होतो आणि गेली १४ वर्षं न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला पोरिरुआमध्ये राहतो, शाळकरी पोरांच्या टीमना कोचिंग करतो. पोरिरुआ मुद्दाम सांगतोय कारण हा न्गाती तोआ या माओरी जमातीचा भाग आहे, आणि 'का माते' त्यांचा आहे. म्हणजे ज्या हाकाबद्दल जगभर वाद चालतो तो ज्यांच्या घरातला आहे ती माणसं मला मैदानावर, दुकानात, शाळेच्या गेटवर रोज भेटतात. त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटलं तर तसं समजा, पण ते मत बनायला मला एक मोठी चूक करावी लागली, ती आधी सांगतो.

इथे आल्यावर दुसऱ्याच सीझनला माझी १४ वर्षांखालची टीम एका शाळेविरुद्ध खेळणार होती आणि त्यांची पोरं मॅचआधी हाका करायला उभी राहिली. मी ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीसीचा १९९१ चा व्हिडिओ बघून बघून मोठा झालेला माणूस, डब्लिनमध्ये वर्ल्ड कप सेमीफायनलला ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडची टीम, हाका करतायत आणि हा लांब कोपऱ्यात एकटा बॉल किक करत बसलाय, आणि मग ऑस्ट्रेलिया १६-६ जिंकली, मला ते फार भारी वाटायचं. तर मी पोरांना म्हटलं पाठ करा तिकडे, गोल करा, आपलं आपण बोलू. पोरांनी ऐकलं. अर्धी पोरं सामोअन आणि माओरी घरातली, त्यांचे चेहरे उतरले होते ते मला दिसलं पण कळलं नाही. मॅच झाल्यावर समोरच्या शाळेचे कापा हाका, म्हणजे माओरी समूहगीत आणि नाच, शिकवणारे सर माझ्याकडे आले, रागावले अजिबात नाहीत, एवढंच विचारलं की आमची मुलं तुमच्या मुलांना हाक देत होती, तुम्ही उत्तर का नाही दिलं. तुम्ही आदर का नाही दाखवला असं ते म्हणाले नाहीत, उत्तर का नाही दिलं असं म्हणाले. मी त्या रात्री झोपलो नाही.

आपल्या मराठीत 'हाक' आणि त्यांचा 'हाका' या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण मला तो योगायोग फार उपयोगी पडला कारण आपल्याकडे हाक दिली की ओ द्यायची असते हे लहान पोराला पण माहीत असतं. ऐकून न ऐकल्यासारखं करणं याला आपण काय म्हणतो ते वेगळं सांगायला नको. माओरी स्वागताच्या रिवाजात 'वेरो' म्हणून एक प्रकार असतो, पाहुणा आला की यजमानांचा माणूस शस्त्र घेऊन पुढे येतो, पाहुण्यासमोर जमिनीवर काहीतरी ठेवतो आणि पाहुण्याने नजर न हलवता ते उचलायचं असतं. आव्हान आणि स्वागत एकाच कृतीत. रग्बीतला हाका त्याच वृत्तीतून बघितला तर सगळा वाद वेगळा दिसायला लागतो.

आता एक गैरसमज, आपल्या पेपरांत हाकाला सरसकट युद्धनृत्य लिहितात. हाका हे अख्ख्या प्रकाराचं नाव आहे. लढाईआधी शस्त्र घेऊन करायचा तो पेरुपेरु, हा त्यातला एक प्रकार झाला. स्वागताचा हाका वेगळा, मयताला करतात तो वेगळा, लग्नात नवरानवरीसमोर मित्र करतात, शाळेतून शिक्षक निवृत्त झाले की पोरं करतात. २०१५ मध्ये जोना लोमू गेला तेव्हा त्याच्या शवपेटीसमोर झाला. २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाल्यावर शाळकरी पोरांनी रस्त्यावर केला, ते बघताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. मूळ कथा तर उन्हाळ्याची आहे, सूर्य आणि उन्हाळ्याची देवता हिनेरौमाती यांचा मुलगा तानेरोरे, कडक उन्हात जमिनीवरची हवा थरथरते ना तो त्याचा नाच, आणि हाका करताना हाताची बोटं जी थरथरवतात, त्याला विरी म्हणतात, ती तिथूनच आलेली. डोळे वटारणं म्हणजे पुकाना. जीभ बाहेर काढणं म्हणजे फेतेरो, हे पुरुषांनीच करायचं.

आणि 'का माते' तर जीव वाचल्याच्या आनंदाचा आहे. ते रौपराहा हा न्गाती तोआचा सरदार, साधारण १८२० च्या सुमाराला शत्रू मागे लागलेले असताना रोतोआइरा तळ्याकाठी रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला. तिथल्या प्रमुखाची बायको ते रांगीकोआएआ त्या खड्ड्याच्या तोंडावर बसून राहिली म्हणून तो सापडला नाही. 'का माते, का माते, का ओरा, का ओरा', म्हणजे मेलो, मेलो, जगलो, जगलो, असं तो आत अंधारात म्हणतोय. शेवटी एकेक पायरी वर येत उन्हात बाहेर पडतो, 'फिती ते रा', सूर्य तळपतोय. यात समोरच्याला मारून टाकीन असं एक अक्षर नाही. पोरांना शिकवताना इथले मास्तर आधी हा खड्डा शिकवतात, हातवारे नंतर.

आता याच ते रौपराहाने पुढे दक्षिण बेटावर जाऊन न्गाई ताहू लोकांवर भयानक हल्ले केले, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला कायापोईचा किल्ला पाडला, खूप माणसं मारली. त्यामुळे दक्षिणेतल्या काही माओरी घरांत 'का माते' आजही गोड लागत नाही, हे मला तिकडच्या एका कोचनेच सांगितलं होतं. म्हणजे माओरींच्या आतसुद्धा याबद्दल खरी, जुनी, दुखरी चर्चा आहे. त्या चर्चेला माझ्या लेखी किंमत आहे, मार्लरच्या ट्वीटपेक्षा खूप जास्त.

रग्बीशी नातं किती जुनं म्हणाल तर १८८८-८९ ला न्यूझीलंड नेटिव्ह्ज नावाची टीम ब्रिटनला गेली, जवळजवळ सगळे माओरी खेळाडू, सगळ्या दौऱ्यात १०७ रग्बी मॅच खेळले, त्यांनी तिथे हाका केला. म्हणजे ऑल ब्लॅक्स हे नाव पडायच्या आधीपासून. मग १९०५ ची टीम. कार्डिफला त्यांनी हाका केला आणि वेल्सचे खेळाडू त्याला उत्तर म्हणून आपलं राष्ट्रगीत गायला लागले, प्रेक्षकांनी सूर धरला, आणि आंतरराष्ट्रीय मॅचआधी राष्ट्रगीत गायची पद्धत तिथून सुरू झाली असं मानतात. वेल्स ३-० जिंकलं, त्या दौऱ्यातली न्यूझीलंडची एकमेव हार. आता सांगा, एकाच टीमला काहीतरी जास्तीचं मिळतं ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी काय सांगू, राष्ट्रगीतच मुळात हाकाला दिलेली ओ आहे!

पण हाका कायम आज दिसतो तसा दणदणीत होता असंही नाही. १९७३ ची कार्डिफची बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या टीमविरुद्धची मॅच काढून बघा, हाका अक्षरशः उरकलाय, कोणाचे हात कुठे कोणाचे पाय कुठे. त्या काळात तो मुख्यतः परदेश दौऱ्यावर करायचे, घरच्या मैदानावर जवळपास नाहीच. वेन शेल्फर्ड आणि हिका रीड या दोन माओरी खेळाडूंनी १९८० च्या दशकात टीमला सरळ विचारलं की करायचाय का, करायचा असेल तर नीट शिकून करायचा नाहीतर सोडून द्यायचा. मग शब्द, अर्थ, पाय कसे रोवायचे सगळं शिकवलं. १९८७ च्या पहिल्या वर्ल्ड कपपासून तो न्यूझीलंडमध्येही नियमित व्हायला लागला. तेव्हा कोणी "टीव्हीसाठी तयार केलेला तमाशा" म्हणतं ना त्यात मला काही तथ्य दिसत नाही, टीव्हीवर तो वाईट दिसत होता आणि माओरी खेळाडूंना ते सहन झालं नाही म्हणून तो सुधारला.

याच्या उलट बाजूला एक काळा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषापुढे मान तुकवून न्यूझीलंड रग्बीने १९२८, १९४९ आणि १९६० ला आपल्या टीममधून माओरी खेळाडू गाळले. जॉर्ज नेपिया, त्या काळातला जगातला सर्वोत्तम फुलबॅक, १९२८ ला घरी राहिला. १९६० ला 'माओरी नाहीत तर दौरा नाही' म्हणून दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या तरी टीम गेली. १९७० ला माओरी गेले ते 'मानद गोरे' म्हणून, काय शब्द आहे बघा. दोन्ही देशांच्या रग्बी बोर्डांनी माफी मागितली ती २०१० मध्ये. ज्या खेळाने माओरींचा आवाज मिरवला आणि माणूस बाहेर ठेवला, त्या खेळात आज बाहेरच्या कोणी म्हणावं की तो आवाजही आता नको, हे ऐकताना इथल्या माणसाला काय वाटत असेल? त्यात १९७९ ची ऑकलंडची आठवण आहेच, तिथले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वर्षानुवर्षं अंगावर घाणेरडी चित्रं काढून खोटा हाका करायचे, चेष्टा म्हणून, शेवटी माओरी तरुणांनी जाऊन तो बळाने बंद पाडला. मार्लरने तसं काही केलेलं नाही, आपण नीट बोललो नाही असं त्याने नंतर कबूलही केलं, पण 'हास्यास्पद' हा शब्द त्या जखमेवर पडला.

फायद्याच्या मुद्द्याकडे येतो कारण कोच म्हणून तो मला गंभीरपणे घ्यायला हवा. म्हणतात की समोरची टीम राष्ट्रगीतानंतर अजून मिनिट दीड मिनिट थंड हवेत उभी राहते आणि ऑल ब्लॅक्सचं अंग मात्र गरम होतं. खरं सांगू का, एवढ्या वेळात वॉर्मअप वाया जात नाही, जागेवर उड्या मारायला, खांदे हलवायला कोणी अडवलेलं नाही, आणि हाका करणाऱ्याचा श्वास चढतो, घसा बसतो, डोकं तापतं, मग लगेच किक-ऑफला शांत डोक्याने लाइनमध्ये उभं राहायचं असतं. माझ्या टीममधली पोरं हाका केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हाय टॅकलच्या पेनल्टी जास्त देतात असा माझा अनुभव आहे, मी त्यांना हाका संपल्यावर तीन खोल श्वास घ्यायला लावतो. आणि निकाल बघा ना. २००७ क्वार्टरफायनल फ्रान्सकडून २०-१८, २०१६ शिकागोत आयर्लंडकडून ४०-२९, २०१९ सेमीफायनल इंग्लंडकडून १९-७, २०२३ फायनल दक्षिण आफ्रिकेकडून १२-११, सगळीकडे हाका होता. ऑल ब्लॅक्स जिंकतात कारण या देशात पाच वर्षांचं पोर अनवाणी पायाने पावसात पास द्यायला शिकतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेशी आहे. समोरच्या टीमने मैदानाची मधली रेषा ओलांडायची नाही असा नियम आहे आणि ओलांडली की दंड. २०११ च्या फायनलला फ्रान्सच्या पोरांनी हातात हात घालून बाणासारखा आकार केला आणि चालत पुढे आले, अंगावर काटा आणणारं दृश्य होतं ते, त्यांना अडीच हजार पौंड दंड. २०१९ ला योकोहामात इंग्लंडने इंग्रजी व्हीचा आकार केला, ओवेन फॅरेल मधे उभा राहून गालात हसत होता, काही खेळाडू रेषेपलीकडे गेले, दोन हजार पौंड. अरे कशासाठी? हाक आली, त्यांनी ओ दिली. तुम्ही माओरी परंपरेचा मान राखायला म्हणून असा नियम केलात की जो त्या परंपरेचा गाभाच कापून टाकतो, समोरच्याला संग्रहालयात काचेसमोर उभं केल्यासारखं उभं करता.

मला स्वतःला आठवणारे चांगले हाका सगळे उत्तरामुळेच आठवतात. १९८९ ला डब्लिनमध्ये विली अँडरसन अख्खी आयरिश रांग घेऊन इंच इंच पुढे सरकत गेला तो शेल्फर्डच्या नाकापर्यंत. १९९७ ला मँचेस्टरला इंग्लंडचा रिचर्ड कॉकरिल आणि न्यूझीलंडचा नॉर्म ह्युइट नाकाला नाक. २००३ ला तर टोंगाने ऑल ब्लॅक्सचा हाका संपायची वाट न बघता आपला सिपी ताऊ, म्हणजे टोंगाचा हाकासारखा नाच, सुरू केला, दोन्ही एकदम, कानठळ्या! २००८ ला कार्डिफमध्ये हाका संपला तरी वेल्सचे खेळाडू हललेच नाहीत, ऑल ब्लॅक्स पण हलेनात, रेफरी जोनाथन कॅप्लन दोन्हीकडे विनवण्या करतोय. त्याच महिन्यात लिमेरिकला मन्स्टर या आयरिश प्रांताच्या टीममधल्या चार न्यूझीलंडकरांनी पुढे येऊन आपला हाका आधी केला. आणि शिकागोत आयर्लंडची टीम नुकत्याच गेलेल्या अँथनी फोलीसाठी आठच्या आकड्यात उभी राहिली, तो आठ नंबरची जर्सी घालायचा. काही न बोलता, न हलता दिलेलं याहून सुंदर उत्तर मी बघितलेलं नाही. लंडनला ट्विकनहॅमच्या मैदानावर इंग्लंडचे प्रेक्षक हाका चालू असताना स्वतःचं गाणं मोठमोठ्याने गातात, इथल्या बऱ्याच लोकांना त्याचा राग येतो, मला येत नाही. ऐंशी हजार माणसं जीव खाऊन गातात म्हणजे हाका त्यांच्यापर्यंत पोचला.

उलट मला जे खटकलं ते २००६ चं कार्डिफ. तिथल्या बोर्डाने म्हटलं हाका आमच्या राष्ट्रगीताच्या आधी करा, ऑल ब्लॅक्सनी नकार दिला आणि हाका ड्रेसिंग रूममध्ये केला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतील पण बंद दाराआड केलेली हाक कोणाला ऐकू जाणार.

'कापा ओ पांगो'बद्दल पण विचारतात, तो गळा कापायचा इशारा. हा हाका डेरेक लार्डेली यांनी खास या टीमसाठी रचला, २७ ऑगस्ट २००५ ला डुनेडिनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिल्यांदा झाला. त्यांचं म्हणणं की तो इशारा प्राणशक्ती छातीत, हृदयात ओढून घेण्याचा आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण जगातल्या बाकी सगळ्यांना त्याचा एकच अर्थ दिसतो, घरात बसलेल्या पोरांना पण, आणि माझ्या टीममध्ये मी तो इशारा करू देत नाही, इथे माझं कोचपण आधी येतं.

व्यापाराचा प्रश्न मात्र खरा आहे. २००६ मध्ये इटलीत एका कार कंपनीने जाहिरातीत बायकांकडून 'का माते' करून घेतला, न्यूझीलंडमध्ये संताप झाला. २०१४ ला संसदेने 'का माते'साठी वेगळा कायदाच केला, की व्यावसायिक प्रकाशनात, सिनेमात, प्रसारणात तो वापराल तर ते रौपराहा त्याचा रचनाकार आणि न्गाती तोआचा सरदार होता हे लिहावं लागेल. पैसे मागितले नाहीत, नाव मागितलं. मला यातली प्रतिष्ठा फार मोठी वाटते.

आणि हाका जुनाट झालाय म्हणणाऱ्यांनी मार्लरच्या वादानंतर साधारण दोन आठवड्यांनी काय झालं ते बघावं. १४ नोव्हेंबर २०२४, वेलिंग्टनच्या संसदेत वायतांगी कराराच्या (माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातला जुना करार) तत्त्वांबद्दलच्या विधेयकावर मतदान चालू असताना हाना-राफिती माइपी-क्लार्क ही २२ वर्षांची खासदार उठली, विधेयकाची प्रत फाडली आणि 'का माते' सुरू केला. गॅलरीतले लोक पण उभे राहून करायला लागले. पुढच्या आठवड्यात उत्तरेकडून निघालेला मोर्चा पोरिरुआहून वेलिंग्टनला गेला, पोलिसांच्या अंदाजाने ४२ हजार माणसं. माझ्या टीममधली सात पोरं त्यात होती. माइपी-क्लार्कला पुढे सात दिवस निलंबित केलं, विधेयक एप्रिल २०२५ ला ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. दोनशे वर्षांपूर्वी खड्ड्यात लपलेल्या माणसाचे शब्द आजच्या राजकारणात असे वापरले जातात, त्याला जुनाट कसं म्हणायचं?

तेव्हा पहिल्या भागाचं माझं उत्तर, हाका रग्बीत राहावा, रेषेचा नियम काढावा, धक्काबुक्की झाली तर रेफरी आहेच. आणि तो कधी थांबवायचा हे कधी ठरलंच तर ते माओरी खेळाडू आणि न्गाती तोआसारख्या त्यांच्या लोकांनी ठरवावं.

आता पुण्याची टीम. मनापासून सांगतो, 'का माते' करू नका. कायदा अडवतो म्हणून नाही, तो न्यूझीलंडचा कायदा आहे आणि मैदानावर नुसतं सादर करण्याला तोही अडवत नाही. पण यूट्यूब बघून पाठ केलेला, उच्चार चुकलेला, अर्थ माहीत नसलेला हाका म्हणजे १९७३ च्या त्या उरकलेल्या हाकापेक्षा वाईट, त्यांचा निदान स्वतःच्या देशाचा होता. तुमच्याकडे माओरी कोच असेल, तो शिकवत असेल, त्याच्या लोकांना विचारून शिकवत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि तुम्ही पुण्यात बसून हे विचारताय म्हणून सांगतो, माझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीतले. आखाड्यात उतरलं की लाल माती कपाळाला, अंगाला, मग मांडीवर शड्डू. समोरचा काय करतो? तो शड्डू ठोकतो. हाकामधला मांडीवरचा तो थाप्पकन येणारा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आजोबाच आठवले होते. टीममध्ये कोणी तालमीतला असेल तर त्याला विचारा, त्याला योग्य वाटलं तर त्याच्याकडून शिका, वस्तादांना दाखवा. नसेल तर काहीच करू नका, नुसतं खांद्याला खांदा लावून उभे राहा, ते पुष्कळ झालं.

आणि समोर कधी एखादी टीम हाका करायला उभी राहिलीच, तर च्युइंगम थुंकून टाका, पाठ करू नका, बाटल्या खाली ठेवा. प्रत्येकाने समोरचा एक माणूस निवडायचा आणि शेवटपर्यंत त्याच्याच डोळ्यात बघायचं. संपल्यावर लगेच पळत सुटायचं नाही, एक पूर्ण श्वास तिथेच थांबायचं. माझ्या त्या चुकीनंतर पुढच्या वर्षी त्याच शाळेसमोर माझी पोरं अशीच उभी राहिली, आणि हाका संपल्यावर आमच्यातले चार सामोअन भिडू मला न विचारता पुढे सरकले आणि त्यांनी आपला सिवा ताऊ, म्हणजे सामोआचा हाकासारखा नाच, केला. समोरची सगळी पोरं जागची न हलता तो संपेपर्यंत उभी होती, आणि त्यांचे ते सर टचलाइनवर मांडीवर हात मारून ताल धरत होते.